काडतुसाचा रंग वाचणारे शिपाई अडाणी नव्हते

१/
मे महिना उजाडला की सत्तावनच्या उठावावरील चार ओळींची टिपणे सर्वत्र फिरू लागतात. त्यांतील एक वाक्य ठरलेले असते : चरबीची अफवा पसरली, अडाणी शिपाई भडकले आणि बंड झाले. या धाग्यात मला या वाक्यातील 'अडाणी' या एका शब्दाशी भांडायचे आहे. माझे म्हणणे असे की काडतुसाच्या कागदाचा रंग वेगळा दिसला म्हणून थांबणारा शिपाई अंधश्रद्धा दाखवीत नव्हता. दारूगोळा हाताळणाऱ्याने जे करायलाच हवे, तेच तो करीत होता. पुढे त्याच साम्राज्याने ते कृत्य नियमावलीत घातले.

२/
हे पटवून घेण्यासाठी आधी बार कसा भरतात ते पाहावे लागेल, आणि त्यासाठी मेरठला जाण्याचे कारण नाही. आपला गोंदिया पुरे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यांतील बातम्यांत 'भरमार जप्त' हे शब्द अधूनमधून दिसतात. भरमार म्हणजे ठासणीची बंदूक. तिचे नाव गुन्ह्याच्या बातमीत येते म्हणून ती केवळ गुन्हेगाराचे हत्यार ठरत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठीच्या परवान्यात ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. रानडुकरांपासून धान राखणाऱ्या शेतकऱ्याचेही ते हत्यार होते.

३/
या बंदुकीत सर्व काही नळीच्या तोंडातून जाते. आधी दारू, मग चिंधीचा किंवा वाखाचा बोळा, मग गोळी अथवा छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासणे. शेवटी मागच्या निपलवर टोपी. आता ही भरलेली बंदूक कोपऱ्यात उभी करून ठेवा आणि दुसऱ्या कोणाला दाखवा. ती रिकामी आहे की भरलेली, आत एक गोळी आहे की मूठभर छर्रे, बार एकदा ठासला आहे की चुकून दोनदा, यांपैकी काहीही बाहेरून कळत नाही. लोखंडी नळी तोंड मिटून असते.

४/
म्हणून ठासणीच्या काळापासून जगभर एक साधी युक्ती चालत आली आहे. रिकाम्या नळीत गज कुठवर जातो आणि एक बार भरल्यावर कुठवर, याच्या दोन खुणा गजावर करून ठेवायच्या. गज आत सोडला की बंदूक बोलते. काडतुसांवरील सगळ्या रंगांची आजी म्हणजे गजावरची ही खूण.

खूण नसेल किंवा असूनही पाहिली नाही तर काय होते? अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६३ साली गेटिसबर्गच्या रणांगणावरून सुमारे २७ हजार बंदुका गोळा झाल्या. त्यांतील २४ हजारांवर भरलेल्या निघाल्या. हजारो बंदुकांत एकावर एक दोन-दोन बार होते, आणि एकीत तर २३ बार ठासलेले होते अशी नोंद आहे. हे शिक्षित, कवायती सैन्य होते. अडाणीपणाचा शिक्का त्यांच्यावर कोणी मारल्याचे माझ्या वाचनात नाही.

५/
भरमारवाल्याला मात्र एक मोठी सोय असते. बार त्यानेच भरलेला असतो आणि उडवणारही तोच. आत काय आहे हे त्याला आठवते. गजावरची खूण स्मरणशक्तीला आधार म्हणून असते, तिची जागा घेण्यासाठी नव्हे.

या धाग्यातील पुढचे सगळे एका गोष्टीवर उभे आहे, म्हणून ती इथेच सांगतो. भरणारा आणि उडवणारा ही माणसे वेगळी झाली की रंगाची गरज निर्माण होते. दोघांमधले अंतर जितके जास्त, तितका तो रंग महत्त्वाचा.

६/
अंतर पहिल्यांदा वाढले ते काडतुसामुळे. मराठीतील हा शब्द पोर्तुगिजांच्या 'कार्तूशु'वरून आला. 'तोटा' हा त्याचा दुसरा, शिकाऱ्यांच्या तोंडचा शब्द. दारू आणि गोळी एकाच पुंगळीत आधीच मोजून बांधलेली असली की रणांगणावर मोजमाप करावे लागत नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा की आत काय आहे हे आता पुंगळीच्या कवचाआड गेले.

आपल्या तोट्या स्वतः भरणारे हौशी नेमबाज जगभर आहेत. (आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे, तेव्हा हा धागा वाचून कोणी उद्योग करू नये.) त्यांच्या बाकावर पाहाल तर पुंगळीच्या बुडावर, टोपीवर रंगीत शाईचे ठिपके दिसतील : हलक्या भाराला एक रंग, जड भाराला दुसरा, सरावाच्या गोळीला तिसरा. छऱ्याच्या काडतुसात तोंडावरच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर छऱ्याचा क्रमांक लिहिण्याची जुनी रीत आहेच.

७/
हा छानछोकीचा भाग नव्हे. काळी दारू आणि बिनधुराची दारू यांचा जोर अगदी वेगळा असतो. काळ्या दारूच्या मापाने बिनधुराची दारू जुन्या नळीत घातली तर नळी फाटते, आणि नळीच्या मागे माणसाचा चेहरा असतो.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते रंगाचे मोल एका क्षणात दाखवते. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या बंदुकीत घातले तर ते मागे अडत नाही. घसरून पुढे नळीत जाऊन बसते. बंदूक रिकामी वाटते, म्हणून माणूस मागून १२ बोअरचे काडतूस भरतो आणि चाप ओढतो. मागचा बार पुढच्या काडतुसावर आदळतो आणि नळी फुटते. म्हणून २० बोअरची पुंगळी पिवळी ठेवण्याचा संकेत रूढ झाला. पिशवीत हात घातला आणि पिवळे दिसले की थांबायचे. इतकाच नियम.

थांबायचे. हा शब्द लक्षात असू द्या.

८/
आता सत्तावन. कंपनीच्या बंगाल सैन्याकडे तोवर 'ब्राउन बेस' घराण्याची गुळगुळीत नळीची बंदूक होती. तिचे काडतूस कागदाचे असे. शिपाई कागद दातांनी तोडत, दारू नळीत ओतत आणि गोळी कागदासह ठासत. हे काडतूस हाताने वळले जाई, दारूखान्यातले कामगार ते बनवत. म्हणजे हाताने भरलेलाच दारूगोळा, फक्त भरणारा हात दुसऱ्याचा. शिपायाने तो कागद वर्षानुवर्षे दातांत धरला होता. त्याची जाडी, पोत आणि रंग त्याला ठाऊक होता. शिपाई कदाचित अक्षरे वाचू शकत नसेल, हा कागद मात्र त्याला वाचता येत होता.

नवी एन्फिल्ड रायफल आली आणि तिच्याबरोबर नवे काडतूस आले. नळीत आट्या असल्याने गोळी घट्ट बसे, म्हणून वंगण लागे. डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे नव्या रायफलीचे शिक्षण सुरू झाले.

९/
जानेवारी १८५७ मधील डमडमचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे, पण तो नीट वाचला जात नाही. दारूखान्यातील एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोटाभर पाणी मागितले. शिपायाने जात काढली. खलाशी म्हणाला, तुम्ही ज्या काडतुसांना तोंड लावणार आहात त्यांना गाईडुकरांची चरबी आहे, मग तुमच्या जातीचे काय? कॅप्टन राइट याने ही हकीकत वरिष्ठांना कळवली.

शाळेत आपण या प्रसंगातून 'अफवा कशी पसरली' एवढेच शिकतो. पण बोलणारा कोण होता ते पाहा. तो दारूखान्यात राबणारा माणूस होता. म्हणजे भरणाऱ्याच्या बाजूचा माणूस उडवणाऱ्याच्या बाजूच्या माणसाला आत काय आहे ते सांगत होता. संपूर्ण कंपनी सरकारात या दोन बाजूंना जोडणारी हीच एक वाट उघडी होती, आणि तीसुद्धा लोट्यावरून झालेल्या अपमानाच्या भांडणातून.

१०/
दलित परंपरेने या माणसाला मातादीन हे नाव दिले आणि जपले. सरकारी कागदात तो नुसता 'खलाशी' आहे. मंगल पांडे यांची टपाल तिकिटे निघाली, चित्रपट निघाले. काडतुसात काय आहे याचा प्रश्न ज्याने पहिल्यांदा उघडपणे काढला, तो आपल्या बहुतेक धाग्यांत 'एक खालच्या जातीचा माणूस' म्हणून येतो आणि पुढच्या ओळीत नाहीसा होतो. जातीची उतरंड शिपायांच्या डोक्यात होती हे मी झाकत नाही. पण ती आपल्याही लिहिण्यात आहे, हे या एका वाक्यावरून दिसते.

११/
त्याच्या बोलण्यात तथ्य होते का? एन्फिल्डच्या वंगणात जनावराची चरबी वापरली जात होती. ती कोणत्या जनावराची, याची खात्री देण्याची काहीच व्यवस्था नव्हती. कंत्राटदार पुरवील ती चरबी. चौकशीत दारूगोळा खात्यालाही ठामपणे सांगता आले नाही. तेव्हा ज्याला आपण अफवा म्हणतो, तिच्या समोर ठेवायला सरकारकडे खात्रीचे उत्तर नव्हते. जानेवारीअखेर सरकारने काडतुसे वंगणाशिवाय देण्याचा आणि शिपायांनी स्वतःच्या पसंतीचे वंगण लावण्याचा तोडगा काढला. तोवर संशय चरबीवरून कागदावर सरकला होता.

१२/
इथून पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ६ फेब्रुवारी १८५७ रोजी बराकपूरला चौकशी न्यायालय बसले. शिपायांना विचारले गेले, आक्षेप नेमका कशाला आहे? त्यांनी कागदाकडे बोट दाखवले. हा कागद पूर्वीसारखा नाही. ताठ आहे, चकचकीत आहे, फाडताना वेगळा लागतो. जाळला तर तडतडतो आणि तुपकट वास येतो.

हे वाक्य पुन्हा वाचा. त्यांनी कागद फाडून पाहिला, जाळून पाहिला, वास घेतला, जुन्या कागदाशी ताडून पाहिला. प्रयोगशाळा नसलेल्या माणसाने करता येण्याजोग्या सगळ्या तपासण्या केल्या. अडाणी माणूस ऐकीव गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. ही माणसे हातातली वस्तू तपासत होती.

१३/
सरकारने कागदाची रासायनिक तपासणी करवली, तीत चरबी आढळली नाही. म्हणजे शिपायांचा निष्कर्ष चुकला. हे मी स्वच्छपणे मान्य करतो. पण वाचन आणि निष्कर्ष यांत फरक आहे. कागद बदलला होता, हे वाचन अचूक होते. का बदलला, हे सांगण्याची जबाबदारी ज्याची होती त्याने ते आधी सांगितले नाही, आणि रिकाम्या जागेत भीती शिरली. ज्याने खूण बदलली आणि किल्ली दिली नाही त्याला सोडून आपण वाचणाऱ्याला दोष देतो!

१४/
आता बहरामपूर. मुर्शिदाबादजवळची ही छावणी, तिथे १९ वी नेटिव्ह इन्फन्ट्री, आणि कमांडर लेफ्टनंट कर्नल मिचेल. २७ फेब्रुवारीला साधी कवायत होती, काडतुसे बिनगोळीची, जुन्या बंदुकीची. एन्फिल्डचा संबंधच नव्हता. २६ च्या संध्याकाळी शिपायांनी टोप्या घ्यायला नकार दिला. कारण? दारूखान्यातील काडतुसांचा कागद दोन छटांचा होता. काही पुडक्यांचा एका रंगाचा, काहींचा थोडा निराळा. त्यांतला साठा आधी तिथे असलेल्या दुसऱ्या पलटणीने मागे सोडलेला होता.

दोन्ही जुनीच काडतुसे. दोन्ही निर्दोष. पण एकाच पेटीतून दोन रंग निघाले, आणि त्या रंगांचा अर्थ सांगणारा कोणी नव्हता.

१५/
दारूगोळ्याच्या पेटीतून दोन रंग निघाले तर काय करावे? आज कोणत्याही देशाच्या सैन्यात पहिल्याच आठवड्यात शिकवतात : हात थांबवा, वरिष्ठाला विचारा. १९ व्या पलटणीने अगदी तेच केले. वरिष्ठाने काय केले? समजावण्याऐवजी दरडावले, आणि रात्री घोडदळ व तोफा आणून उभ्या केल्या. शिपायांनी घाबरून शस्त्रे हाती घेतली. अखेर देशी अधिकाऱ्यांनी मध्यस्थी केली, तोफा मागे गेल्या, शिपायांनी शस्त्रे ठेवली. त्या रात्री एकही गोळी सुटली नाही.

या पलटणीला बराकपूरपर्यंत चालवत नेले आणि ३१ मार्च १८५७ रोजी तिथे बरखास्त केले. त्याच मैदानाच्या परिसरात दोन दिवस आधी, २९ मार्चला, ३४ व्या पलटणीच्या मंगल पांडे यांनी गोळी झाडली होती. आपल्या स्मरणात २९ तारीख राहिली. ३१ तारीख कोणाला आठवते?

१६/
नंतर दोन गोटांनी दोन कथा रचल्या. इंग्रज इतिहासलेखकांच्या कथेत शिपाई भोळसट आणि धर्मभोळा. राष्ट्रीय कथेत काडतूस हे केवळ निमित्त, खरे कारण स्वराज्य आणि स्वधर्म. सावरकरांच्या १९०९ च्या ग्रंथातही काडतुसाला मुख्य कारणाचे स्थान नाही, आणि मोठ्या राजकीय चित्रासाठी तो युक्तिवाद मला समजतो. मराठीतील सत्तावनचा अस्सल प्रवासी साक्षीदार म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये काडतूस येते ते वाटेवर ऐकलेल्या बोलण्यातून.

पण दोन्ही गोटांचा दोष एकच. कोणीही ते काडतूस हातात घेऊन पाहिले नाही. एकाने ते खुळ्या समजुतीचे प्रतीक केले, दुसऱ्याने ठिणगीचे रूपक केले. ती एक वस्तू होती, तिला रंग होता आणि ती दातांत धरायची होती.

१७/
आता उपरोध पाहा. हेच साम्राज्य पुढच्या साठ-सत्तर वर्षांत दारूगोळ्याच्या रंगांची आख्खी वर्णमाला रचते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. पुढे हिंदुस्थानी फौजेच्या हाती जी .३०३ रायफल आली, तिच्या काडतुसाच्या बुडाशी, टोपीभोवतीच्या कड्यात, लाखेचा रंगीत थर असे. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतर त्याचे संकेत पक्के झाले. जांभळा म्हणजे साधी गोळी. लाल म्हणजे उजेडाची रेघ सोडणारी ट्रेसर. हिरवा म्हणजे चिलखतभेदी. निळा म्हणजे आगलावी. आणि पिवळा म्हणजे बंदुकीची चाचणी घेण्यासाठी मुद्दाम जादा दाबाने भरलेली, जी शिपायाच्या हाती कधीही पडू नये.

ती लाख दमटपणापासूनही टोपीचे रक्षण करी. एका थरात दोन कामे. असली कारागिरी मला मनापासून आवडते.

१८/
म्हणजे १८५७ मध्ये 'या काडतुसाचा रंग वेगळा का?' असे विचारणे बंडखोरी होती. पुढे त्याच बराकींत हा प्रश्न न विचारणे हा हलगर्जीपणा ठरला. शिपायाचा नातू ज्या कृत्यासाठी शाबासकी मिळवील, त्याच कृत्यासाठी आजोबाची पलटण मोडली गेली.

१९/
इथे एक आक्षेप येईल. संकेत ठरवून रंग देणे वेगळे आणि कारखान्यात योगायोगाने कागदाची छटा बदलणे वेगळे. बहरामपूरच्या दोन छटांना काही अर्थच नव्हता, मग त्यांत वाचायचे ते काय?

आक्षेप वजनदार आहे. पण बहरामपूरच्या शिपायाला तो योगायोग आहे हे कळणार कसे? दारूगोळ्यावरचा निरर्थक रंग हा अर्थपूर्ण रंगाइतकाच गंभीर असतो, कारण तो पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून आजच्या कारखान्यांत पेटीवर तुकडीचा क्रमांक छापावा लागतो. ज्या व्यवस्थेत रंगाला अर्थ नाही, तिने तसे सांगितले पाहिजे.

२०/
रंगाचा अर्थ रंगात नसतो, करारात असतो. पिवळाच घ्या. आपल्याकडे तो हळदीचा आणि जेजुरीच्या भंडाऱ्याचा रंग. २० बोअरच्या काडतुसावर तो 'बोअर पाहा' म्हणतो. .३०३ च्या बुडाशी 'हात लावू नकोस' म्हणतो. सोव्हिएत घराण्याच्या रायफलीच्या गोळीच्या टोकाला तो जड गोळी सांगतो. तोफगोळ्यावर तो उच्च स्फोटकाची खूण आहे. लिडाइट, म्हणजे मुळात पिवळे रंजकद्रव्य असलेले पिक्रिक आम्ल, ज्या गोळ्यांत भरत ते ब्रिटिश गोळे पिवळे रंगवलेले असत.

हिरव्याचीही तीच गत. ब्रिटिश .३०३ च्या बुडाशी चिलखतभेदी, सोव्हिएत गोळीच्या टोकाला ट्रेसर. आपल्या सैन्याने दोन्ही घराण्यांची हत्यारे वापरली आहेत, तेव्हा भारतीय जवानाला एकापेक्षा अधिक वर्णमाला पाठ कराव्या लागतात.

२१/
पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या कारखान्यांत टीएनटी भरणाऱ्या बायकांची कातडी पिवळी पडे. लोक त्यांना 'कॅनरी' म्हणत, त्या पिवळ्या पक्ष्यावरून. रंगसंकेत गोळ्यावर चढण्याआधी भरणारीच्या अंगावर चढला होता. गोळ्याच्या रंगाचे तक्ते छापले गेले. त्या कातडीच्या रंगाला टोपणनाव मिळाले.

२२/
करार एका बाजूलाच ठाऊक असेल तर काय होते, याचा अलीकडचा दाखला २००१ चा आहे. अफगाणिस्तानात अमेरिकी विमाने उपाशी लोकांसाठी अन्नाची पाकिटे टाकत होती. दुरून दिसावीत म्हणून ती पिवळी. तेच सैन्य गुच्छबॉम्बही टाकत होते. त्यांतील छोटे, न फुटलेले बॉम्ब पिवळे, कारण उच्च स्फोटकाचा संकेत पिवळा. दोन्ही खात्यांनी आपापले नियम अचूक पाळले होते! जमिनीवरच्या मुलाला मात्र दोन पिवळ्या वस्तूंतून एक निवडायची होती. अखेर रेडिओवरून इशारे द्यावे लागले आणि पाकिटांचा रंग बदलण्याचे ठरले.

बहरामपूर आणि हे ठिकाण यांत १४४ वर्षे आहेत. कारकुनी तीच आहे.

२३/
हे सगळे मी गोंदियातील वाचकांसमोर का मांडतो? कारण विदर्भ हा देशाच्या दारूगोळ्याचा पट्टा आहे, आणि आपल्यापैकी अनेकांना ते ठाऊकही नसते. नागपूरजवळ अंबाझरीला गोळ्यांची कवचे घडतात. भद्रावतीजवळच्या चांदा निर्माणीत ती भरली जातात. पुलगावला देशातील सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आहे. आणि जवाहरनगरची भंडारा आयुध निर्माणी, जिथे दारू आणि स्फोटके तयार होतात, ती १ मे १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती. गोंदिया वेगळा झाला तो त्या दिवशी.

२४ जानेवारी २०२५ रोजी तिथे स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या भांडाराला आग लागली तेव्हा जवान, अधिकारी आणि अग्निशमन कर्मचारी मिळून सोळाहून अधिक जण गेले. गडकिल्ल्यांच्या तटांवर धागे लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना हा इतिहास वाटत नाही, कारण तो फार जवळ आहे.

२४/
त्यांतही एक घटना वेगळी काढून सांगतो. २० नोव्हेंबर २०१८, वर्धा जिल्हा, पुलगाव भांडाराजवळचे सोनेगाव आबाजी. जबलपूरच्या खमरिया निर्माणीचा कालबाह्य दारूगोळा तिथे मोकळ्या मैदानात नष्ट केला जात होता. पेट्या उतरवताना स्फोट झाला. किमान सहा जण ठार झाले. त्यांत आसपासच्या गावांतून रोजंदारीवर आलेले मजूर होते.

कालबाह्य दारूगोळ्याच्या पेटीवरही रंग असतात, पट्टे असतात, अक्षरे असतात. आधुनिक तोफगोळ्यांच्या रूढ संकेतात पिवळा म्हणजे उच्च स्फोटक, तपकिरी म्हणजे मंद जळणारी दारू, फिकट निळा म्हणजे सरावाचा, फिकट हिरवा म्हणजे धुराचा. भरणाऱ्याला हे येते, उडवणाऱ्याला येते. पण आता साखळीत एक तिसरा माणूस आहे, वाहणारा. त्याच्यापर्यंत ही वर्णमाला पोचवणे कोणाचे काम आहे? मला याचे उत्तर कोणत्याही नियमाच्या शब्दांत नको. पेटी उचलण्यापूर्वी त्याला पेटीवरचा पट्टा वाचून दाखवणारा माणूस हवा.

२५/
म्हणून आपण, इतिहासाची आवड असलेल्यांनी, निदान आपल्या हातातले एक काम करावे. सत्तावनवर लिहाल तेव्हा 'अफवा' हा शब्द वापरण्यापूर्वी बराकपूरच्या चौकशीतील कागदाविषयीच्या साक्षी वाचा. बहरामपूरच्या दोन छटा सांगा. खलाशाला 'एक माणूस' म्हणून उरकू नका. आणि दारूगोळ्याच्या संग्रहालयात जाल तर नळीवरची नक्षी पाहून झाल्यावर काडतुसांच्या बुडाशी वाका, तिथली लाख पाहा. रिकामी पुंगळी कुठे शेतात, नाल्यात सापडली तर उचलू नका, पोलिसांना कळवा. ती रिकामी आहे हे तुम्ही कशावरून ठरवले?

२६/
१९ व्या पलटणीचे शिपाई ३१ मार्चला बराकपूरच्या मैदानावर शस्त्रे ठेवून, पगार घेऊन, आपापल्या गावांच्या वाटेला लागले. ज्या काडतुसांवरून हे घडले, ती कवायतीसाठी होती आणि त्यांत गोळी नव्हती.